वर्ड प्रोसेसर आला आणि टंकलेखिका वेगळ्या खोलीत का गेल्या?

दफ्तरी (प्रश्नकर्ता)

कार्यालयीन कामाच्या इतिहासावर एक दीर्घ लेख लिहितो आहे आणि १९६४ ते १९८५ या दोन दशकांपाशी येऊन अडलो आहे. आज वर्ड प्रोसेसर म्हटले की संगणकातील एक सॉफ्टवेअर डोळ्यांपुढे येते. त्या काळात मात्र ते एक स्वतंत्र, अवजड आणि महागडे यंत्र होते, आणि मजकूर टंकणे, साठवणे, दुरुस्त करणे व पुन्हा छापणे याखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते.

साध्या टाइपरायटरवर काम केलेल्यांना हे यंत्र का हवेसे वाटले असेल, ते सांगायला नको. पानाच्या शेवटच्या ओळीत एक शब्द गळला की अख्खे पान पुन्हा टंकायचे. खाली तीन कार्बन प्रती असतील तर एक अक्षर खोडायचे म्हटले तरी प्रत्येक प्रतीवर वेगळे खोडायचे. आणि साहेबांनी तिसऱ्या परिच्छेदात एखादे वाक्य वाढवले की त्यापुढची सगळी पाने नव्याने काढायची. हा जाच संपवणारे यंत्र आल्यावर सचिव स्त्रीला थोडी उसंत मिळावी, ते यंत्र तिच्याच टेबलावर राहावे आणि उरलेल्या वेळात तिच्याकडे अधिक जबाबदारीचे काम यावे, अशी माझी अपेक्षा होती.

वाचनात आले ते वेगळेच. अमेरिका आणि युरोपातील अनेक मोठ्या कंपन्यांनी साहेबांच्या खोलीबाहेर बसणाऱ्या सचिवांना तेथून उठवून ‘वर्ड प्रोसेसिंग सेंटर’ नावाच्या दालनात बसवले, जेथे त्या कानाला हेडफोन लावून, ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा माणसांची पत्रे दिवसभर टंकत असत. पुढे जेमतेम वीस वर्षांत ती दालनेही गेली आणि ती यंत्रेही गेली.

तेव्हा माझ्या शंका दोन आहेत. काम सोपे करणाऱ्या यंत्रामुळे काम करणारी माणसे एकत्र कोंडली का गेली? आणि इतके यशस्वी ठरलेले यंत्र इतक्या लवकर नाहीसे कसे झाले? ‘तंत्रज्ञानामुळे असे घडले’ एवढेच सांगणारे लेख भरपूर सापडतात, परंतु त्यांनी माझे समाधान होत नाही.

गोल्फबॉल

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर माझ्या मते यंत्राच्या गुणांत नसून त्याच्या किमतीत आहे, आणि त्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आयबीएमने जुलै १९६१ मध्ये सिलेक्ट्रिक हा विजेवर चालणारा टाइपरायटर बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती. अक्षरांच्या काड्यांऐवजी त्यात ८८ चिन्हे कोरलेला एक छोटा गोळा होता, तो फिरून आणि कलून हवे ते अक्षर फितीवर आपटत असे; माझे येथील सदस्यनाम त्याच गोळ्यावरून घेतले आहे. याच सिलेक्ट्रिकला चुंबकीय टेपचे कपाट जोडून १९६४ मध्ये ‘मॅग्नेटिक टेप सिलेक्ट्रिक टाइपरायटर’, म्हणजे एमटी/एसटी, तयार झाला, आणि त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास गेली.

चारशे डॉलरचे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवता येते आणि ते दिवसातून चार तास मुके बसले तरी कोणाच्या पोटात दुखत नाही. दहा हजारांचे यंत्र मात्र सतत चालू दिसावे लागते. सचिवाचा दिवस पाहिला तर टंकलेखन हा त्याचा केवळ एक भाग होता: दूरध्वनी घेणे, भेटी ठरवणे, फायली लावणे, आलेल्यांना थोपवणे, साहेबांना आठवणी देणे यातच बराच वेळ जाई. म्हणून यंत्र भरपूर चालावे यासाठी फक्त टंकणारी माणसे हवी झाली, आणि त्यातून पदाचे दोन तुकडे पडले. एक ‘पत्रव्यवहार सचिव’, जिने केंद्रात बसून टंकायचे. दुसरी ‘प्रशासकीय सचिव’, जिने बाहेर बसून उरलेले सगळे करायचे, आणि तेही एका साहेबाचे नव्हे, चार-पाच साहेबांचे. आयबीएमसारख्या विक्रेत्यांनी नुसती यंत्रे विकली नाहीत, कार्यालयाची ही फेरमांडणीदेखील त्यांनी यंत्रासोबतच विकली.

यंत्र चालत कसे असे, तेही सांगतो, कारण त्याचा या मांडणीशी संबंध आहे. एमटी/एसटीला पडदा नव्हता. टंकताना प्रत्येक अक्षर कागदावर उमटे आणि त्याच वेळी त्याची खूण टेपवर नोंदली जाई. चूक झाली तर मागे येऊन योग्य अक्षर टंकायचे. कागदावर ती जागा घाण दिसे, पण टेपवर नवे अक्षर जुन्याच्या जागी बसलेले असे. मग कोरा कागद लावून कळ दाबली की यंत्र सेकंदाला सुमारे पंधरा अक्षरांच्या गतीने स्वच्छ प्रत काढून देई. दोन टेप लावण्याची सोय असलेल्या प्रकारात एका टेपवर पत्राचा मजकूर आणि दुसऱ्या टेपवर नावे-पत्ते ठेवून शेकडो पत्रे ‘स्वतंत्र टंकल्यासारखी’ काढता येत. मजकुराच्या मध्ये काही बदलायचे असेल, तर मात्र टेपवरची नेमकी जागा शोधावी लागे, आणि समोर काहीच दिसत नसल्यामुळे सगळा हिशेब डोक्यात ठेवावा लागे. ओळीच्या टोकाला शब्द तोडायची वेळ आली की यंत्र थांबून चालवणाऱ्याच्या निर्णयाची वाट पाही. असे यंत्र अधूनमधून हाताळणाऱ्याला येत नाही. त्याला रोजचा सराव लागतो. केंद्रीकरणाला हे दुसरे कारण मिळाले.

१९६९ मध्ये टेपऐवजी चुंबकीय कार्ड आले, एका कार्डावर साधारण एक पान, आणि कार्ड सरळ फायलीतच लावता येऊ लागले. पडद्याची यंत्रे लेक्सिट्रॉन आणि व्हायडेक यांसारख्या छोट्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात काढली. खरी कलाटणी मात्र १९७६ मध्ये वँग लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीच्या वर्ड प्रोसेसिंग सिस्टिमने दिली. हॅरॉल्ड कॉप्लो आणि डेव्हिड मोरोस या दोघांनी यंत्राचा आराखडा करण्याआधी ते वापरणाऱ्यासाठी माहितीपुस्तिका लिहून काढली, आणि त्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे वागणारे यंत्र नंतर बांधले गेले. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण टंकणाऱ्या व्यक्तीला काय दिसेल आणि तिला काय विचारले जाईल, यापासून सुरुवात करणारे अभियंते तेव्हा विरळा होते. पडद्यावर पर्यायांची यादी, त्यातून निवड, दुरुस्ती डोळ्यांसमोर: आज जे स्वाभाविक वाटते ते कार्यालयांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते येथून.

तरीही वँगची रचना अशी होती की अनेक पडदे एका मुख्य कपाटातील डिस्क आणि प्रिंटर वाटून घेत. डेझी व्हील प्रिंटरचा, म्हणजे फिरत्या चक्रावरची अक्षरे कागदावर आपटणाऱ्या छपाईयंत्राचा, खडखडाट इतका असे की त्यावर आवाज अडवणारे झाकण बसवावे लागे. हे सगळे एका दालनात ठेवणेच सोयीचे होते. म्हणजे पडदा आला तरी खोली राहिली.

टाचण

गोल्फबॉल यांचे विवेचन यंत्राच्या बाजूने चोख आहे, परंतु किंमत हेच मूळ कारण होते, हे मला मान्य नाही. वेगळी खोली या यंत्रापेक्षा अर्धशतकाने जुनी आहे.

विल्यम हेन्री लेफिंगवेल याने, कामाची मोजणी करून ते तुकड्यांत वाटणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अभियंत्याची कारखान्यासाठीची तत्त्वे १९१० च्या दशकात कार्यालयांना लावायला सुरुवात केली होती. हाताची हालचाल मोजणे, ओळी मोजणे, टेबलांची रांग कशी लावावी हे ठरवणे, हे सगळे तेव्हाचे आहे. त्याच सुमारास मेणाच्या नळकांड्यांवर बोललेले ध्वनिमुद्रित करणारी यंत्रे कार्यालयांत रुळली होती. ‘डिक्टाफोन’ हे व्यापारी नाव १९०७ चे आहे. साहेबाने नळकांड्यात बोलायचे, नळकांडे दुसऱ्या दालनात जायचे आणि तेथे कानाला नळी लावून बसलेल्या टंकलेखिकेने ते टंकायचे. लघुलेखन येणारी बाई समोर बसलेली असण्याची गरज तेथेच संपली. ज्यांच्याकडे एकसारख्या पत्रांचा ढीग असे, अशा विमा कंपन्या आणि टपालाने माल विकणारी मोठी दुकाने यांच्यात टायपिंग पूल, म्हणजे टंकलेखिकांना एकत्र बसवणारी दालने, साध्या टाइपरायटरवरच उभे राहिले होते, आणि तो टाइपरायटर काही दहा हजारांचा नव्हता.

माझे म्हणणे असे की व्यवस्थापनाला ही विभागणी आधीपासून हवी होती, मात्र खाजगी सचिव हा साहेबाच्या मानाचा भाग असल्याने तिला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. महागड्या यंत्राने त्यांना एक आकडा दिला, ज्याच्या आधारे मधल्या फळीतील अधिकाऱ्यांना ‘तुमची सचिव आता केंद्रात जाईल’ असे सांगता आले. किंमत हेच खरे कारण असते तर वरच्या मजल्यावरच्या सचिवांनाही उठवले गेले असते. प्रत्यक्षात अध्यक्ष आणि संचालक यांच्या सचिव जागच्या हलल्या नाहीत. हलल्या त्या ज्यांचे साहेब बैठकीत आवाज चढवू शकत नव्हते त्यांच्या.

आणखी एक गोष्ट, जी वेळ वाचवण्याच्या सगळ्या हिशेबांत राहून जाते. पुन्हा टंकण्याचे कष्ट कमी झाले की मसुदे वाढतात. जोवर एक दुरुस्ती म्हणजे टंकलेखिकेची अर्धी दुपार होती, तोवर साहेबालाही बोलण्याआधी विचार करावा लागे. दुरुस्ती फुकट झाल्यावर दुसरा, तिसरा, पाचवा खर्डा मागवला जाऊ लागला. वकिलांची कार्यालये या यंत्रांची पहिल्या फळीतील गिऱ्हाइके होती, कारण करारनामे आणि मृत्युपत्रे यांत तेच ते परिच्छेद परत परत येतात. आणि करारनाम्याची लांबीही तेथेच वाढत गेली, असे मला वाटते. हे शेवटचे माझे अनुमान समजावे.

दफ्तरी

दोघांचेही आभार. टाचण यांचा अध्यक्षांच्या सचिवांचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता. मग आता तिसरी शंका. या फेरमांडणीविषयी त्या दालनांत बसणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे काय होते? विक्रेत्यांच्या जाहिरातींत त्या हसतमुख दिसतात आणि संशोधकांच्या लेखनात पिचलेल्या. यांतील काहीतरी तिसरे असणार.

मुशाहिरा

तिसरे होते, आणि ते सोपे नाही.

आधी एक नाव, जे या चर्चेत अजून आलेले नाही. एव्हलिन बेरेझिन या अमेरिकी अभियंतीने युनायटेड एअरलाइन्ससाठी संगणकावर चालणारी आरक्षण व्यवस्था रचली होती. उद्योगात इतके करूनही स्त्री म्हणून वरची पदे मिळणार नाहीत, हे लक्षात आल्यावर तिने १९६९ मध्ये रिडॅक्ट्रॉन ही स्वतःची कंपनी काढली. १९७१ पासून तिची ‘डेटा सेक्रेटरी’ ही यंत्रे ग्राहकांकडे जाऊ लागली. पडदा त्यांनाही नव्हता, कळफलक आणि छपाई यांसाठी सिलेक्ट्रिकच होता. फरक असा की आयबीएमच्या यंत्रातील रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि यांत्रिक जुळण्यांच्या जागी बेरेझिनने अर्धवाहक चिप वापरल्या, त्यांतल्या काही तिने स्वतः आखल्या होत्या. १९७६ मध्ये ही कंपनी बरोज कॉर्पोरेशनने विकत घेतली. सचिवांचे कष्ट कमी करणारे एक महत्त्वाचे यंत्र एका स्त्रीने घडवले, आणि त्याच दशकात त्या यंत्रांभोवती सचिवांच्या तक्रारी उभ्या राहिल्या, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय हा इतिहास नीट लिहिता येणार नाही.

आता त्या तक्रारी. केंद्रात गेलेल्या स्त्रीला काही गोष्टी खरोखर मिळाल्या. साहेबांसाठी कॉफी आणणे, त्यांच्या पत्नीच्या वाढदिवसाची भेटवस्तू विकत घेणे, त्यांच्या लहरी सांभाळणे हे सुटले, आणि नवे यंत्र चालवता येते म्हणून काही ठिकाणी वेतनश्रेणीही थोडी वाढली. परंतु सचिवाची बढती बहुधा साहेबाच्या बढतीला बांधलेली असे. साहेब वर गेला की ती त्याच्याबरोबर जाई. केंद्रात साहेबच नव्हता, त्यामुळे शिडीही नव्हती. पर्यवेक्षिकेच्या एका पदानंतर वर काही नव्हते. शिवाय पूर्वी तिला पत्राचा संदर्भ ठाऊक असे, म्हणून ती साहेबाचे वाक्य सुधारू शके, चुकीची तारीख पकडू शके. केंद्रातील स्त्रीला टेपवरचा आवाज जसा आला तसा टंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. टंकलेखनाचे कौशल्य राहिले आणि त्याभोवतीची जाण काढून घेतली गेली. माझ्या मते वेतनापेक्षाही खरे दुखणे हे होते.

आणि मोजणी. यंत्रात अक्षरे साठत असल्यामुळे ती मोजणे फुकट झाले. कोणी किती ओळी टंकल्या, किती वेळ कळफलक शांत होता, हे पर्यवेक्षकाला न विचारता कळू लागले. लेफिंगवेलच्या काळात यासाठी घड्याळ हातात घेऊन माणूस उभा करावा लागे.

याविरुद्धचा संघटित आवाज बॉस्टनमध्ये उठला. तेथे १९७३ मध्ये कारेन नुसबॉम, एलेन कॅसेडी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ‘नाइन टू फाइव्ह’ ही कार्यालयीन कामगार स्त्रियांची संघटना स्थापली. आरंभी तिच्या मागण्या वेतन, बढती आणि सन्मान यांविषयी होत्या. पडदे सर्वत्र झाल्यावर त्यांत डोळ्यांचा ताण, मान-मनगटांची दुखणी आणि दाबलेल्या कळांची मोजणी यांची भर पडली. ऑस्ट्रेलियात ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कळफलकावर काम करणाऱ्यांत हातांच्या दुखण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की तो देशभर वादाचा विषय झाला, आणि हे दुखणे शरीराचे की कामाच्या रचनेचे यावर डॉक्टरांमध्येही एकमत होईना. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यावरील कामासंबंधी जो निर्देश काढला, त्यात डोळ्यांची तपासणी, पडद्यापासून सुटा असणारा कळफलक आणि कामात ठरावीक अंतराने खंड किंवा बदल यांची तरतूद आहे. त्याच्या परिशिष्टात आणखी एक अट आहे जी सहसा कोणी उद्धृत करत नाही: कामाची संख्यात्मक वा गुणात्मक तपासणी करणारी कोणतीही सोय कामगारांच्या नकळत वापरता येणार नाही. टायपिंग पूलमधील ओळींची मोजणी कायद्यापर्यंत पोहोचली ती अशी.

अमेरिकेत १९९० च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने अशाच स्वरूपाचा नियम केला होता, तो न्यायालयात टिकला नाही.

पूर्वरंग

किंमत की व्यवस्थापन या वादात जपानचे उदाहरण उपयोगी पडेल, कारण तेथे यंत्र पोहोचले ते अगदी निराळ्या कार्यालयात.

जपानी टाइपरायटर १९१५ मध्ये क्योता सुगिमोतो याने तयार केला. त्यात दोन हजारांहून अधिक चिन्हांचे खिळे एका तबकात मांडलेले असत आणि एकेक खिळा उचलून कागदावर आपटावा लागे. ते काम इतके विशेष होते की त्यासाठी प्रशिक्षित टंकलेखिका असत, आणि बाकीचा बहुतांश कार्यालयीन व्यवहार हाताने लिहिला जाई. तोशिबाने १९७८ मध्ये जेडब्ल्यू-१० हा पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला तेव्हा तो लिहिण्याच्या टेबलाएवढा होता, त्याचे वजन २२० किलो होते आणि किंमत ६३ लाख येन होती. उच्चाराप्रमाणे काना लिपीत टंकायचे आणि योग्य कांजी, म्हणजे चिनी मूळचे, चिन्ह यंत्राने वाक्यरचना पाहून निवडायचे, ही त्यातली खरी कामगिरी.

गोल्फबॉल यांच्या तर्काप्रमाणे इतके महाग यंत्र एका खोलीत बंदिस्त व्हायला हवे होते, आणि पहिली काही वर्षे तसेच झाले. परंतु ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हातात उचलून नेता येतील असे वर्ड प्रोसेसर एक लाख येनच्या आसपास मिळू लागले, आणि ते टंकलेखिकांनी नव्हे, आजवर हाताने लिहिणाऱ्या कारकुनांनी, शिक्षकांनी आणि घरगुती ग्राहकांनी घेतले. तेथे प्रत्येक साहेबामागे एक टंकलेखिका अशी पद्धत रुजलेली नसल्यामुळे, कळफलक वापरल्याने कोणाचा दर्जा खाली येत नव्हता. याच कारणाने स्वतंत्र वर्ड प्रोसेसर यंत्र जपानमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तग धरून राहिले, जेव्हा अमेरिकेत ते अडगळीत जाऊन दहा वर्षे झाली होती. यावरून मला किंमत आणि सामाजिक दर्जा यांचा गुणाकार करावासा वाटतो. एकट्याने कोणतेच उत्तर पुरत नाही.

गोल्फबॉल

पूर्वरंग यांची दुरुस्ती मान्य. टाचण यांचा अध्यक्षांचा दाखलाही बिनतोड आहे. तरीही दफ्तरी यांच्या दुसऱ्या शंकेकडे वळताना मला पुन्हा किमतीपाशीच यावे लागते.

आयबीएमने जून १९८० मध्ये डिस्प्लेरायटर हे यंत्र आणले, तेव्हा प्रिंटरसह त्याची मूळ किंमत ७,८९५ डॉलर होती आणि ते दरमहा २७५ डॉलर भाड्यानेही मिळे. सोळा वर्षांपूर्वीच्या एमटी/एसटीच्या मानाने ही किंमत उतरलेलीच होती. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्बोर्न-१ हा संगणक १,७९५ डॉलरला आला आणि त्याच्याबरोबर वर्डस्टार हे सॉफ्टवेअर त्याच किमतीत होते. ऑगस्टमध्ये खुद्द आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. म्हणजे केवळ मजकुरासाठी असलेले यंत्र आणि मजकुरासह हिशेब, याद्या, बाकीचे सगळे करणारे यंत्र यांच्यात स्वस्त ठरले ते दुसरे. ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने पीसीडब्ल्यू ८२५६ हे यंत्र प्रिंटरसकट ३९९ पौंड अधिक करात विकायला काढले, आणि लेखक, छोटे व्यावसायिक, शाळा यांच्याकडे ते झपाट्याने पोहोचले. तेथे तर टायपिंग पूलचा प्रश्नच नव्हता.

वँगचा शेवट मात्र निव्वळ किमतीने झाला नाही, हे मी कबूल करतो. त्यांची यंत्रे उत्तम होती आणि सरावलेल्या टंकलेखिका त्यांना सोडायला तयार नव्हत्या. कनेक्टिकट म्युच्युअल या विमा कंपनीला वैयक्तिक संगणक तर हवे होते, पण तिच्या कर्मचाऱ्यांचा हात बसला होता वँगवर. म्हणून तिने वँगसारख्याच कळा आणि वँगसारखेच पडदे असलेले सॉफ्टवेअर लिहून घेतले, आणि तेच पुढे मल्टिमेट या नावाने सर्वांना विकले गेले. वँगचे जे सर्वांत मौल्यवान होते, म्हणजे टंकणाऱ्याच्या बोटांना झालेली सवय, ते यंत्रापासून वेगळे करून एका फ्लॉपीवर घालता आले. तीस हजारांहून अधिक माणसे पोसलेल्या या कंपनीने ऑगस्ट १९९२ मध्ये दिवाळखोरीतील संरक्षणासाठी अर्ज केला.

दफ्तरी

मल्टिमेटचा तपशील माझ्या लेखात नक्की येईल. एक शेवटचे: साहेबांनी स्वतः टंकायला सुरुवात केव्हा केली? यंत्र स्वस्त झाले एवढ्याने दर्जाचा अडसर दूर झाला असेल, असे वाटत नाही.

टाचण

तो अडसर वर्ड प्रोसेसरने दूर केला नाहीच. झेरॉक्सने १९८१ मध्ये स्टार हे यंत्र काढले ते साहेबांनी आणि तज्ज्ञांनी स्वतः वापरावे म्हणून: माउस, चित्रखुणा, कागदासारखा दिसणारा पडदा. पण एका टेबलाला सोळा हजार डॉलरहून अधिक खर्च होता, आणि जे काम तोंडाने सांगून होते ते हाताने करण्यासाठी एवढे पैसे मोजायला फार थोडे तयार झाले. पत्र टंकणे हे हाताखालच्या माणसाचे काम, ही समजूत सुबक पडद्याने ढळली नाही.

आकड्यांचे मात्र तसे नव्हते. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणि १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ ही आकड्यांचे तक्ते मांडणारी सॉफ्टवेअर आली. अंदाजपत्रकातील एक आकडा बदलला की खालची बेरीज तत्काळ बदलते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यात अधिकाऱ्यांना रस होता, आणि ते काम दुसऱ्याला सांगून करून घेणे अवघडही होते, कारण पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातून सुचत असे. शिवाय हिशेबाशी खेळणे हे साहेबाच्याच दर्जाचे काम मानले जाई. तेव्हा संगणक त्याच्या टेबलावर ताळेबंदासाठी आला. एकदा तेथे कळफलक आल्यावर दोन ओळींची सूचना टंकून पाठवायला त्याला वेगळे यंत्र लागले नाही, आणि कार्यालयांत इलेक्ट्रॉनिक टपाल सुरू झाल्यावर तर केंद्राकडे टेप पाठवून परत येण्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतः दोन बोटांनी टंकणे लवकर होऊ लागले.

आपल्या लेखासाठी त्या काळातील एखाद्या संस्थेची कागदपत्रे पाहणार असाल, तर वर्ड प्रोसेसिंग केंद्राच्या नोंदींबरोबर लेखा विभागाच्या खरेदीच्या नोंदीही काढाव्यात. अधिकाऱ्यांच्या खोल्यांत पहिला संगणक कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली गेला, ते तेथे सापडेल.